देठ राहू द्या

होया नावाच्या वेलाचं फूल लांबून बघण्यात मजा नाही. लांबून तो एक गुलाबी गेंद दिसतो, आणि गुलाबी गेंदांची आपल्याकडे वाण नाही. जवळ जावं लागतं, नाक टेकेल इतकं जवळ. मग कळतं की हा गेंद म्हणजे एकाच जागेतून फुटलेल्या वीस-पंचवीस चांदण्या आहेत. प्रत्येक चांदणीला पाच जाड पाकळ्या, त्यांवर बारीक पांढरी लव. तिच्या मधोमध दुसरी छोटी चांदणी, तीही पाच टोकांची, पण गुळगुळीत, चकचकीत, मेणाची. आणि तिच्या पोटात लाल ठिपका. संक्रांतीला नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने करणारी एखादी हातगुणाची बाई मन लावून बसली, तर तिच्या हातून असं काही उतरेल. काही चांदण्यांत मधाचा थेंब साठलेला असतो. बोट लावलं की चिकटतो आणि तो चिकटपणा लवकर जात नाही.

वासाचं गणित वेगळं. दुपारी नाक लावलं तर जेमतेम. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावून मी बाल्कनीचं दार उघडते, तेव्हा तो घरात शिरतो आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीलाही बधत नाही. या फुलांचं गिऱ्हाईक रात्रीचं आहे, पतंगांचं. तेव्हा दुकान उघडायची वेळ त्यांनी बरोबर निवडली आहे.

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटला पूर्वेची बाल्कनी आहे आणि ती आता जवळपास सगळी होयांनी घेतली आहे. सुरुवात कार्नोसा या जातीपासून झाली. बहुतेकांची तिथूनच होते, कारण हा वेल दणकट आणि सहज मिळणारा. मग प्युबिकॅलिक्स आला, फिलिपिन्सचा. पानांवर चंदेरी शिंतोडे आणि फुलं इतकी गडद, की माझ्याकडच्या एका वेलाची तर वांग्याच्या रंगाला जातात. मग कॉम्पॅक्टा, ज्याची पानं स्वतःभोवती पिळून दोरखंड होतात. लॅक्युनोसा दिसायला अगदी साधा, फूलही चिमुकलं, पण वास सगळ्यांत सुरेख. कुणी मला एकच ठेव म्हटलं तर मी लॅक्युनोसा ठेवीन, आणि प्युबिकॅलिक्ससाठी रडेन.

पाचशेहून जास्त जाती आहेत होयाच्या. हिमालयाच्या उतारांपासून आपला पश्चिम घाट, आग्नेय आशिया, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत हा गोतावळा पसरला आहे. त्यातले दोघं शेजारी ठेवा, एका घरचे वाटणार नाहीत. लिनिअरिसची पानं सुईसारखी लांब, मऊ, लवदार. ऑबोव्हाटाचं पान पुरीएवढं गोल आणि जाड. इम्ब्रिकाटा नावाच्या एका जातीची पानं झाडाच्या खोडाला पालथी चिकटून बसतात आणि त्यांच्याखाली मुंग्या संसार थाटतात. वेल मुंग्यांना छप्पर देतो, मुंग्यांनी आणलेल्या केरकचऱ्यातून त्याला खत मिळतं. ही जात माझ्याकडे नाही. असली तरी दुसऱ्या मजल्यावर तिला मुंग्या पुरवायच्या कुठून? पण ती आहे, एवढं माहीत असण्यातही सुख आहे. जमवणाऱ्याचा निम्मा आनंद, जे आपल्याकडे नाही त्याची खडान्‌खडा माहिती असण्यात असतो.

माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षांचं. द्राक्षाच्या घरात वाढलेल्या माणसाला होया समजायला फार सोपा जातो आणि एकाच ठिकाणी फार अवघड.

सोपा जातो तो डोळ्यामुळे. काडीवर जिथून पान निघतं, त्या बगलेत डोळा असतो, हे आमच्याकडे शाळेत जाण्याआधी कळतं. काडी किती डोळ्यांवर ठेवायची, कुठला डोळा फुगलाय, कुठला आंधळा निघाला, अशीच भाषा जेवतानाही चालायची. होयाची काडी लावायची तर तेच. दोन-तीन डोळे असलेला तुकडा घ्यायचा, खालच्या डोळ्याचं पान काढायचं, कापल्यावर येणारा पांढरा चीक सुकेपर्यंत काडी बाजूला ठेवायची, आणि मग तो खालचा डोळा ओलसर मॉसमध्ये म्हणजे शेवाळात, पर्लाइटच्या हलक्या पांढऱ्या दाण्यांत नाहीतर सरळ पाण्याच्या ग्लासात. मूळ बहुतेक वेळा तिथूनच सुटतं.

आणि म्हणूनच फेब्रुवारीत भेटवस्तूंच्या दुकानांतून मांडलेल्या त्या हृदयाच्या आकाराच्या पानांबद्दल मला बोलायचं आहे. छोटी कुंडी, तिच्यात खोचलेलं एकच जाड, हिरवंगार, बदामी पान. तो होया केराय. थायलंडच्या वनस्पतींचा ध्यास घेतलेल्या आर्थर केर या आयरिश डॉक्टरचं नाव त्याला मिळालेलं आहे. पान खरं, जिवंत, मूळही धरतं आणि वर्षानुवर्षं तसंच टवटवीत राहतं. पण देठाबरोबर खोडाचा तुकडा आणि त्यावरचा डोळा आला नसेल, तर त्याचा वेल कधीच होणार नाही. किती जणी मला विचारतात, "ताई, याला दुसरं पान कधी येणार?" नाही येणार. घ्यायचाच असेल तर दोन पानं आणि मधे खोडाचं पेर दिसतंय असा घ्या. केराय हळू वाढतो, पण एकदा चढायला लागला की खिडकीची अख्खी चौकट त्या बदामांनी भरते.

अवघड जातो तो छाटणीपाशी. नाशिकचं द्राक्ष वर्षातून दोनदा कात्रीखाली जातं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. छाटल्याशिवाय घड नाही, हे आमच्या रक्तात. होयाचं उलट आहे. त्याचा फुलांचा गुच्छ ज्या दांडीवर येतो ती दांडी फुलं गळल्यावर वेलावर तशीच राहते, बोटाएवढी, ओकीबोकी, वाळल्यासारखी. पुढचा बहर येतो तो त्याच दांडीच्या टोकावर. ती कापली की झालं. वेलाला नवी दांडी काढायला बसावं लागतं, आणि तो ते त्याच्या सवडीने करतो.

मामा एकदा बाजार समितीचं काम उरकून घरी आले होते. चहा होईस्तोवर बाल्कनीत उभे राहिले आणि तिथूनच हाक आली.

"अगं, या वाळक्या दांड्या कशाला ठेवल्यात? कात्री दे इकडं."

"मामा, त्यांना हात नका लावू. तिथूनच परत फुलणार आहे."

"त्याच दांडीतून?"

"त्याच."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दांडी दोन बोटांत धरून टोकाशी डोळा नेला. टोकावर मोहरीच्या निम्म्याही नसतील असे हिरवट दाणे एकमेकांना खेटून बसले होते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घड निघतोय की."

जुनी दांडी बारकाईने बघण्यासारखी असते. दर बहराला ती किंचित लांबते आणि गळून गेलेल्या फुलांच्या खुणा तिच्यावर बारीक वळ्यांनी उठतात. माझ्या कार्नोसाची सर्वांत जुनी दांडी अशा वळ्यांनी खरखरीत झाली आहे. बोट फिरवलं की प्रत्येक बहर हाताला लागतो.

मामांना न पटलेली दुसरी गोष्ट म्हणजे शेंडे. होया आधी नुसता शेंडा फेकतो, वीत, हात, कधी त्याहून लांब, एकही पान नसलेला, हवेत गोल फिरत आधार शोधणारा. द्राक्षात असली फूट दिसली की बगळफूट म्हणून खुडतात. इथे खुडायची नाही. आधार मिळाला की त्याच शेंड्याच्या डोळ्यांतून पानं भरतात आणि पुष्कळदा फुलांची दांडीही तिथेच येते. मी तारेची कडी करून शेंडा तिच्यावर हलक्या हाताने फिरवून देते. जोर केला तर तुटतो आणि चीक गळतो.

फुलांच्या देठाचा, म्हणजे त्या दांडीचा, हा नियम घरात सगळ्यांना पटवावा लागला. सासूबाईंना गणपतीत गुच्छ हवा होता, देवापुढे ठेवायला. मागणं अगदी रास्त, फुलं असतात कशाला? मी त्यांना दांडी आणि तिच्यावरच्या वळ्या दाखवल्या. त्यांनी विचार केला आणि तोडगा स्वतःच काढला. "प्राजक्ताची खाली पडलेली चालतात ना देवाला? मग ही पण चालतील." तेव्हापासून बहर ओसरायला लागला की त्या कुंडीखाली स्वच्छ रुमाल अंथरतात. चांदण्या आपापल्या बारीक देठासकट गळतात, आकार मोडत नाही, रंगही दिवसभर टिकतो. तबकात मांडल्या की येणारा प्रत्येक जण विचारतो, खऱ्या आहेत का?

आता मातीबद्दल, म्हणजे मातीच नसण्याबद्दल. आमच्याकडच्या काळ्या मातीचा मला अभिमान आहे, पण होयाला ती विषासारखी आहे. हा वेल रानात झाडांच्या फांद्यांवर वाढतो. त्याची मुळं सालीच्या भेगांत, शेवाळात, कुजलेल्या पानांच्या ओंजळभर चुऱ्यात असतात. पाऊस येतो, मुळं भिजतात, वारा येतो, सुकतात. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांचा श्वास कोंडतो आणि ती कुजतात. मी नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडं कोकोपीट, पर्लाइट, लोणारी कोळशाचा चुरा आणि मूठभर गांडूळखत असं मिसळते. मुठीत दाबून सोडलं तर लाडू वळता कामा नये, लगेच सुटलं पाहिजे. कुंडी लहानच ठेवायची. मुळांनी कुंडी भरली की होया फुलायला राजी होतो. मोठ्या कुंडीत तो मुळंच वाढवत बसतो.

पाणी कधी घालायचं हे पानाला विचारायचं. पान दोन्ही कडांनी धरून अलगद दुमडून बघा. ताठ असेल आणि वाकायला नकार देत असेल तर वेलाकडे पाणी आहे, आपण आत जावं. लवचीक झालं असेल, किंचित सुरकुतलं असेल, तर भरपूर पाणी द्यावं, कुंडीखालून निथळेपर्यंत, आणि पुन्हा विसरावं. त्या जाड पानांत साठा असतो, आणि उन्हाच्या वेळी पानांची छिद्रं मिटून रात्री उघडण्याची युक्ती कार्नोसासारख्या अनेक होयांना साधलेली आहे.

नाशिकची हवा होयाला निम्मं वर्ष मानवते. आषाढ-श्रावणात तो डोळ्यांदेखत वाढतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरी चढली, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं याच्या बातम्या सुरू झाल्या, की माझ्या बाल्कनीत शेंड्यांची गर्दी होते. त्या दिवसांत मी पाणी जवळपास देतच नाही. चैत्र-वैशाखात मात्र हवा इतकी कोरडी तापते की वेल वाढ थांबवतो, कळ्या पिवळ्या पडून गळतात. हिरव्या शेडनेटचा एक पडदा आणि कुंड्यांखाली पाण्याची परात, एवढ्यावर निभावतं. लिनिअरिस हिमालयातला, त्याला हा उन्हाळा सोसत नाही. तो मे महिन्यात हॉलमध्ये राहायला येतो. आणि हिवाळ्यात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की सगळ्या कुंड्या रात्री आत. दहा अंशांच्या खाली बहुतेक होया कुडकुडतात. थंडीत त्यांना कोरडं ठेवायचं, खत बंद. सकाळचं कोवळं ऊन मात्र हवंच. अंधाऱ्या कोपऱ्यात होया जगेल, पण फुलणार नाही. शोभेची झाडं सावलीत चालतात असं सांगून तो कुणी विकत असेल, तर ते अर्धं सांगणं झालं.

राहिला मिलीबग, पिठ्या ढेकूण. हा शत्रू द्राक्षवाल्यांना सांगायला नको. बागेत तो खोडाच्या सैल सालीखाली लपतो, म्हणून साल सोलून काढतात. होयावर तो पानाच्या बगलेत, डोळ्यापाशी, कापसाच्या पुंजक्यासारखा बसतो. खोडावर मुंग्यांची वर्दळ वाढली की मी आधी तोच शोधते, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसायचा, मग आठवड्याने पुन्हा, मग पुन्हा. नवी काडी घरी आली की पहिले काही आठवडे ती वेगळ्या खिडकीत. या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही, मैत्रिणीची काडी असली तरी.

होयाने मला सर्वांत मोठं दिलं ते नात्यांचं भान. एका शनिवारी मारुतीच्या हारातलं रुईचं फूल घरी आणून मी कार्नोसाच्या फुलाशेजारी ठेवलं. पाच पाकळ्या, मधे पाच कोनांचा मुकुट, तोडल्यावर पांढरा चीक. रुई आणि होया एकाच कुळातले. ज्या झाडाला आपण बांधाच्या कडेला दुरून बघतो, आणि पोरांना "चीक डोळ्यात जाईल" म्हणून ओढून घेतो, त्याचा हा मेणाचा भाऊ. टाचणीचं टोक होयाच्या आतल्या चांदणीच्या दोन टोकांमधल्या फटीत घालून हलकेच वर ओढलं, तर टोकाला एक इवलासा काळसर चिमटा येतो आणि त्याला लटकलेल्या दोन पिवळ्या पिशव्या. हे परागाचे पुडके. रुईतही अगदी असेच. कीटकाचा पाय त्या फटीत सापडला की चिमटा पायाला बसतो आणि कीटक पुडके घेऊन दुसऱ्या फुलावर जातो. इतकं बेतशीर कुलूप आहे, म्हणून घरातल्या होयाला शेंग क्वचितच धरते. धरली, तर आतून निघते ती लहानपणी आपण फुंकर मारून उडवलेली म्हातारी, रेशमी शेपटीचं बी.

ही नाती माझ्या बाल्कनीतून त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीपर्यंत जातात. हनुमानाचं जन्मस्थान मानला जाणारा हा डोंगर. याच डोंगरावरून २००६ साली कंदीलपुष्पाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली, सेरोपेजिया अंजनेरिका. तीही होयाच्याच कुळातली. कंदीलपुष्पाचं फूल म्हणजे तळाशी फुगीर नळी. आत शिरलेली बारीक माशी खाली वळलेल्या केसांमुळे अडकते आणि केस कोमेजले की पराग घेऊन सुटते. पावसाळ्यात अंजनेरीला जाल तेव्हा गवतात पाय जपून टाका. ही झाडं संख्येने फार थोडी आहेत आणि त्यांचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो. दाखवणारा माहीतगार बरोबर असला तर बघा, फोटो घ्या, कंदाला हात लावू नका.

आपल्या सह्याद्रीचे स्वतःचे होयाही आहेत. वायटाय आहे, मद्रासकडे काम केलेल्या रॉबर्ट वाइट या वनस्पतीतज्ज्ञाच्या नावाचा. रेट्युसा आहे, ज्याची पानं गवतासारखी अरुंद आणि टोकाशी कुणी कात्रीने सरळ छाटल्यासारखी. गुच्छ करण्याऐवजी तो एकेकटं पांढरं फूल देतो, मध्यभागी लालसर. त्याची पहिली नोंद १८५२ साली निकोल डालझेलने केली, ज्याने पुढे गिब्सनबरोबर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा १८६१ चा ग्रंथ लिहिला. माझ्याकडचा रेट्युसा रोपवाटिकेत काडीपासून वाढवलेला आहे. रानातून ओरबाडलेला होया कुणी स्वस्तात देऊ केला तर मी घेत नाही, आणि का घेत नाही तेही त्याला सांगते. जंगलातल्या झाडावरून सोललेला वेल बाल्कनीत जगला तरी त्या फांदीवर परत येत नाही. काडीपासून वाढणारं झाड आहे हे. एका वेलातून साऱ्या गावाला पुरेल, तर रान कशाला उघडं पाडायचं?

होया हे नाव एका माळ्याचं आहे, ही गोष्ट मला फार आवडते. ब्राउनियन गतीमुळे आपल्याला शाळेत भेटलेला रॉबर्ट ब्राउन मुळात वनस्पतींचा अभ्यासक. १८१० मध्ये त्याने हे नाव ठेवलं ते थॉमस हॉयवरून. हॉय हा ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँडच्या सायन हाउस बागेचा मुख्य माळी. राजा नाही, सरदार नाही, बागेत राबणारा माणूस.

माझ्याकडचे बरेच होया पैशाने आलेले नाहीत. प्युबिकॅलिक्स देवळालीच्या एका निवृत्त बाईंनी दिला, ऑबोव्हाटा सातपूरच्या एका मुलाने, ज्याच्या खोलीची एकमेव खिडकी होयांनी झाकली आहे. बदल्यात माझ्या काड्या त्यांच्याकडे गेल्या. महाग, चित्रविचित्र पानांचे होया ऑनलाइन दिसतात आणि मोह मलाही होतो, पण ज्याची काडी कुणी आपल्या हाताने कापून, ओल्या कागदात गुंडाळून दिली, तो वेल बघताना दरवेळी दोन माणसं दिसतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने कार्नोसा किंवा प्युबिकॅलिक्स घ्यावा, पूर्वेच्या खिडकीत टांगावा आणि पहिल्या बहराची घाई करू नये. काडीपासून फुलापर्यंत दोन-तीन वर्षंही जातात. कळ्या दिसल्यावर कुंडीची जागा बदलू नये. यंदा मृगाचा पाऊस लागला की मी कार्नोसाच्या आणि लॅक्युनोसाच्या काड्या काढणार आहे. पिंपळगावची एक आधीच सांगून ठेवलेली आहे, मामांना पडवीच्या खांबावर चढवायची आहे. उरलेल्या मागेल त्याला. येताना ओला कागद आणा, आणि घरी कात्री कुणाच्या हातात असते तेही सांगा.